वादळात टॉवर हलतो. तीस वर्षांनी किती हलेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रभादेवीत ४२ मजली टॉवर, उंची साधारण १५० मीटर, ओसी (राहायला जायचा दाखला) २०१३ची. प्रश्नकर्ते ३६व्या मजल्यावर राहतात. १७ मे २०२१ला, तौक्ते चक्रीवादळाच्या दिवशी, कमोडमधलं पाणी डुचमळत होतं, हॉलमधला लांब दांडीचा दिवा झुलत होता आणि समुद्राकडच्या स्लायडिंग खिडकीतून पाणी आत आलं. बिल्डरच्या कागदांत ‘डिझाइन विंड स्पीड ४४ मीटर प्रतिसेकंद’ लिहिलंय. समुद्र तापतोय, वादळं वाढताहेत, मग हे ४४ पुढेही पुरणार का? शेजारच्या प्लॉटवर ६० मजल्यांचा टॉवर येतोय, त्याने फरक पडेल का? आणि शेवटी, घर विकून टाकावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वाऱ्याच्या धास्तीने विकू नका. बाकीच्या प्रश्नांना मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: इमारत पडेल का, इमारतीवरचं काही सुटून पडेल का, आणि वादळात वरच्या मजल्यावर राहवेल का. हवामानबदलाचा परिणाम या तिन्हींवर सारखा होत नाही. लोकांना पहिलीची भीती वाटते. आमच्या कामात धोका दिसतो तो दुसरीत, आणि तक्रारी येतात त्या तिसरीच्या.

आधी ४४ म्हणजे काय ते बघू. आयएस ८७५ या भारतीय मानक संहितेच्या भाग ३मध्ये देशाचा वाऱ्याचा नकाशा आहे आणि त्यात मुंबईला ४४ मीटर प्रतिसेकंद वेग दिलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. हा मोकळ्या मैदानावर, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, ३ सेकंदांच्या झोताचा वेग आहे. तो सरासरी ५० वर्षांतून एकदा गाठला जाईल असं धरलंय. ‘५० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी २ टक्के शक्यता. इमारत ५० वर्षं उभी राहिली तर त्या काळात हा वेग एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. म्हणजे ४४ ही कमाल मर्यादा अजिबात नव्हे. ती हिशेबाला सुरुवात करायची जागा आहे. त्यावर उंचीचा, आसपासच्या भूभागाचा, इमारतीच्या महत्त्वाचा असे गुणक लागतात आणि मग वेगाच्या वर्गाला ०.६ने गुणून दाब काढतात, न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये.

या ‘वर्गा’कडे लक्ष ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. तौक्तेच्या दिवशी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. १५८च्या तुलनेत वेग ७२ टक्के झाला, पण दाब ५२ टक्केच. म्हणजे तुम्ही जे अनुभवलंत ते ढोबळमानाने डिझाइनच्या निम्मं होतं. ही नोंद एका ठिकाणची आहे, तुमच्या गच्चीवर थोडं कमी-जास्त असेल, पण अंदाज चुकीचा ठरणार नाही.

आता हवामान. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी १९८२ ते २०१९च्या नोंदी तपासल्या. पहिल्या १९ वर्षांच्या तुलनेत नंतरच्या १९ वर्षांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा असा की तापमान २ अंशांनी वाढलं तर चक्रीवादळांचा कमाल वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढेल, अंदाजांचा पट्टा १ ते १० टक्क्यांचा. पण ५२ टक्के जास्त वादळं म्हणजे मुंबईवर ५२ टक्के जास्त वारा असं होत नाही. अरबी समुद्रातली बरीच वादळं ओमानकडे किंवा गुजरातकडे जातात. वादळ कुठल्या बाजूने जातं हेही बघावं लागतं: आपल्या गोलार्धात वादळाच्या वाटेच्या उजव्या हाताला वारा जास्त जोराचा असतो. निसर्ग वादळ ३ जून २०२०ला रायगडच्या किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे गेलं, तेव्हा मुंबई त्याच्या डाव्या हाताला राहिली. तौक्ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेलं, मुंबई उजव्या हाताला होती, पण केंद्र दूर समुद्रात होतं. या दोन्ही वेळी मुंबई सुटली ती वाटेमुळे. बांधकामाची परीक्षा झालीच नाही.

तेव्हा हिशेबासाठी मी ५ टक्के आणि १० टक्के असे दोन आकडे घेतो आणि दोन्हींवर इमारत ताडून बघतो. ५ टक्के वेग म्हणजे दाब १० टक्के जास्त. १० टक्के वेग म्हणजे दाब २१ टक्के जास्त. आणखी एक मोजमाप सांगतो, ते अनेकांना चटकन समजतं. आयएस संहितेत हॉस्पिटलसारख्या महत्त्वाच्या इमारतींसाठी १०० वर्षांचा, म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा, वारा धरतात आणि मुंबईच्या वेगपट्ट्यात त्याचा गुणक १.०७ आहे. म्हणजे ५० वर्षांचा आणि १०० वर्षांचा वारा यांत अंतर फक्त ७ टक्क्यांचं. उलट बाजूने वाचा: वाऱ्याचं मान ७ टक्क्यांनी चढलं तर आजचा ‘५० वर्षांतला’ वारा साधारण २५ वर्षांतला होतो, आणि इमारतीच्या ५० वर्षांच्या आयुष्यात तो गाठला जाण्याची शक्यता ६४ वरून ८७ टक्क्यांवर जाते. वेगातला फरक किरकोळ वाटतो, वारंवारितेतला वाटत नाही.

मग सांगाडा टिकेल का? आरसीसीच्या डिझाइनमध्ये वाऱ्याच्या भाराला १.५ने गुणतात. वर्गमूळ काढलं तर वेगात ही सवलत २२ टक्क्यांची पडते, ४४चे जवळजवळ ५४ होतात. त्याशिवाय काँक्रीटची ताकद १.५ने आणि सळईची १.१५ने भागून धरलेली असते. ५ किंवा १० टक्के वाढ यात बसते. मात्र ही शिल्लक हवामानबदलासाठी ठेवलेली नाही. साइटवरचं काँक्रीट कमी दर्जाचं निघणं, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कमी पडून ती गंजणं, नंतर कुणीतरी शिअर वॉलमध्ये (वाऱ्याचा आडवा भार पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीत) एसीच्या पाइपसाठी भोक पाडणं, हे सगळं त्याच शिल्लकीतून खर्च होतं. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर दरवर्षी थोडं थोडं. म्हणून जुन्या टॉवरच्या बाबतीत वाऱ्यापेक्षा गंजाची विचारपूस मी आधी करतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी करायचं असतं. तुमची इमारत २०२८च्या सुमारास त्यात येते. पहिलं ऑडिट नुसतं हातोडी आणि कॅमेरा घेऊन उरकू देऊ नका. खालच्या मजल्यांच्या शिअर वॉलची कोअर (काँक्रीटचा नमुना कापून ताकद बघणारी), हाफ-सेल (सळईचा गंज बघणारी) आणि कार्बोनेशन (काँक्रीटचं गंजापासूनचं संरक्षण किती खोलवर उतरलंय ते बघणारी) टेस्ट करून घ्या. वाऱ्याचा मोमेंट (वाकवणारा जोर) तिथेच सगळ्यात जास्त असतो.

हलण्याबद्दल. १५० मीटरच्या काँक्रीट टॉवरचा एक झोका साधारण सव्वातीन सेकंदांचा असतो. शांत बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसाला ०.०५ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढ्या त्वरणाला हालचाल जाणवू लागते. सव्वातीन सेकंदांच्या झोक्यात याचा अर्थ इमारत मधल्या जागेपासून एका बाजूला फक्त १३ ते १४ मिलिमीटर जाते आहे. डोकं गरगरायला एवढं पुरतं. उंच इमारतींसाठीच्या आयएस १६७००मध्ये राहत्या इमारतीला १० वर्षांच्या वाऱ्यात ०.१५पर्यंत मुभा आहे, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर. आणि माथा वाऱ्याने किती सरकावा याची मर्यादा उंचीच्या ५००व्या भागाची, तुमच्याकडे ३०० मिलिमीटर. तुम्हाला जी भीती वाटली ती सांगाड्याच्या दृष्टीने फार लहान हालचालीची होती. ही संहिता २०१७ची, तुमची इमारत त्याआधीची, त्यामुळे तेव्हा त्वरण तपासलं होतं की नाही हे कागद बघूनच कळेल.

(दिव्याच्या झुलण्यावरून काही ठरवू नका. एक मीटर दांडीचा दिवा स्वतःच्या लयीत दोन सेकंदांचा झोका घेतो, इमारत कितीही सेकंदांचा घेवो. मोजायचंच असेल तर फोन थेट फरशीवर, भिंतीला लागून ठेवा, गादीवर किंवा टेबलावर नको, आणि त्वरणमापकाच्या ॲपमध्ये दहा मिनिटांची नोंद घ्या. पुढच्या वादळात ती नोंद कन्सल्टंटला उपयोगी पडेल.)

हवामानबदल सर्वात आधी जाणवेल तो इथेच. वाऱ्याला आडवं होणारं हलणं वेगाच्या वर्गापेक्षा जलद वाढतं, बऱ्याच इमारतींत घनाच्या जवळपास. वेग ५ टक्के वाढला तर हालचाल १६ टक्के, १० टक्के वाढला तर ३३ टक्के. आडवं का, ते समजून घेण्यासारखं आहे. इमारतीच्या दोन्ही कडांवरून वारा आळीपाळीने भोवरे सोडतो आणि प्रत्येक भोवरा इमारतीला आपल्या बाजूला ओढतो. भोवऱ्यांची लय आणि इमारतीची लय जुळली की हालचाल एकदम भडकते. जुळण्याचा वेग काढायला रुंदीला वारंवारितेने गुणायचं आणि ०.१२ने भागायचं, चौकोनी इमारतीसाठी. एक २५० मीटरचा टॉवर घ्या, रुंदी ३० मीटर, झोका ५.५ सेकंदांचा. लय जुळते साधारण ४५ मीटर प्रतिसेकंदाला. हा तासाभराच्या सरासरीचा, माथ्यावरचा वेग. ४४च्या नकाशावरून त्याच उंचीचा सरासरी वेग काढला तर दाटीच्या उपनगरासारख्या भूभागात, म्हणजे संहितेतल्या भूभागाच्या तिसऱ्या वर्गात, ४० येतो. अजून ५ मीटर प्रतिसेकंदाचं अंतर आहे. त्यात ५ टक्के वाढ घातली की ४२. आणि मुळात इमारत समुद्रासमोर असेल, भूभाग दुसऱ्या, म्हणजे जास्त मोकळ्या वर्गाचा धरायला हवा होता, तर आजच तो आकडा ४५ आहे. हवामान कुठेही न बदलता.

मुंबईत भूभागाच्या या वर्गाची गफलत वारंवार दिसते. पूर्वेला चाळी, झोपड्या, मिलच्या जागेवरचे टॉवर. पश्चिमेला थेट पाणी. शहर आहे म्हणून चहूबाजूंनी तिसरा किंवा चौथा वर्ग लावून टाकतात आणि पावसाळी वारा तर येतो नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, पाण्यावरून. तुमच्या कागदांत पहिल्यांदा शोधायची ओळ ही: पश्चिमेच्या दिशांना भूभाग कोणता धरलाय.

शेजारच्या ६० मजल्यांबद्दल तुमची शंका रास्त आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. २०१५च्या सुधारित आयएस ८७५मध्ये शेजारच्या उंच इमारतीमुळे भार किती वाढू शकतो याचे गुणक दिलेत. शेजारी कुठल्या पट्ट्यात आहे त्यावरून १.०७, १.१५, १.२५ किंवा १.३५. म्हणजे सर्वात वाईट जागी ३५ टक्के वाढ. हवामानबदलाच्या १० ते २१ टक्क्यांपुढे हा आकडा ठेवून बघा. उलटही होतं: शेजारचा टॉवर नेमका पश्चिमेला आला तर काही दिशांना आडोसा मिळतो. तुमची इमारत १९८७च्या आवृत्तीवर बेतलेली असणार. तिच्यात हे गुणकही नव्हते आणि आडव्या हालचालीचं सूत्रही नव्हतं. विंड टनेलमध्ये (प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात) चाचणी झाली असेल तर आसपासच्या साधारण ५०० मीटरच्या परिघातल्या इमारतींची लहान प्रतिकृती फिरत्या तबकडीवर मांडून दर १० अंशांनी, ३६ दिशांना मोजमाप घेतलेलं असतं. त्या तबकडीवर तेव्हा शेजारचा प्लॉट रिकामा होता की भविष्यातला टॉवर धरला होता, हे अहवालातल्या फोटोत दिसतं. फोटो बघा, सारांश वाचून थांबू नका.

सोसायटी म्हणून करण्यासारखं एक काम: नव्या टॉवरच्या कन्सल्टंटकडे लेखी विचारणा करा की त्यांच्या विंड टनेल अहवालात शेजारी म्हणून तुमची इमारत आहे का आणि तुमच्या इमारतीवरचा परिणाम काढलाय का. दुसरं, त्यांचं बांधकाम वर येण्याआधी तुमच्या गच्चीवर एक दिवस कंपनमापक बसवून इमारतीची खरी लय आणि डॅम्पिंग (हालचाल किती लवकर विरते ते) मोजून घ्या. काँक्रीट इमारत मोजली की सहसा गणितापेक्षा थोडी ताठ निघते, कारण विटांच्या आणि ब्लॉकच्या भिंती गणितात धरलेल्या नसतात. गणितापेक्षा सैल निघाली तर थांबून कारण शोधायला हवं. पुढे दहा वर्षांनी वाद झाला तर हीच नोंद कामाला येते.

आता खिडक्या आणि गच्ची. इथे जरा रेंगाळतो, कारण माणसं मरतात ती इथून सुटलेल्या वस्तूंनी.

तुमच्या मजल्याची उंची १२५ मीटर धरू. दुसऱ्या वर्गाच्या भूभागात तिथे डिझाइन वेग ५५ मीटर प्रतिसेकंद येतो आणि दाब चौरस मीटरला सुमारे १८५ किलो. पण इमारतीच्या कोपऱ्याजवळ वारा ढकलत नाही, बाहेर ओढतो. तिथला गुणक १.२च्या आसपास, त्यात घरातल्या दाबाचे ०.२ मिळवले की ओढ होते चौरस मीटरला २६० किलो. तुमचं १.२ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच शटर म्हणजे अडीच चौरस मीटर. त्यावर ६५० किलो ओढ. १० टक्के वेग वाढला तर जवळपास ७९० किलो. एवढी ओढ कुणी पेलायची? खालच्या-वरच्या ट्रॅकमधल्या काही मिलिमीटर ॲल्युमिनियमने आणि दोन शटरच्या मधल्या इंटरलॉकने. म्हणून स्लायडिंग खिडकी तपासताना काचेकडे बघायच्या आधी शटर दोन्ही हातांनी वर उचलून पाहा. रोलर झिजलेले असतील तर शटर खाली बसतं आणि वरच्या ट्रॅकमधली त्याची पकड कमी होते. वर उचलल्यावर ते खालच्या ट्रॅकमधून सुटू पाहत असेल तर उचल रोखणारा छोटा ब्लॉक गेलेला आहे किंवा कधी बसवलाच नव्हता. चाळीस-पन्नास रुपयांच्या वस्तूवर साडेसहाशे किलोचा हिशेब अडलेला असतो.

दुसरी जागा चौकट. चौकट भिंतीला दर ५०० ते ६०० मिलिमीटरवर अँकरने पकडलेली हवी. बऱ्याच ठिकाणी ब्लॉकच्या भिंतीत प्लास्टिकची गुट्टी ठोकून त्यात स्क्रू पिळलेला असतो आणि फटीत फोम भरलेला असतो. हलक्या ब्लॉकमध्ये ही गुट्टी सारख्या धक्क्यांनी सैल होते. वादळ तासन् तास चाललं की झोत हजारो वेळा ढकलतो-ओढतो, आणि एका मोठ्या झोताला टिकलेला स्क्रू हजाराव्या लहान झोताला निघतो. वादळं जास्त काळ टिकू लागली तर त्रास होणार तो या सैल होण्याचा. दुरुस्ती करताना अँकर आरसीसीच्या लिंटेलमध्ये किंवा कॉलममध्ये न्या, ब्लॉकमध्येच लावावा लागला तर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला) वापरा, आणि समुद्रासमोर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील. साध्या झिंक लावलेल्या स्क्रूचं डोकं चमकतं तेव्हाही आतला दांडा गंजलेला असू शकतो. एक-दोन काढून बघितल्याशिवाय कळत नाही.

पाणी आत आलं त्याबद्दल. खिडकीची पाण्याची चाचणी सहसा डिझाइन दाबाच्या १५ ते २० टक्क्यांवर करतात. तौक्तेत दाब डिझाइनच्या निम्म्यापर्यंत चढला होता. तेव्हा त्या दिवशी पाणी येणं हा खिडकीचा दोष असेलच असं नाही. जुलैच्या नेहमीच्या पावसातही येत असेल तर मात्र दोष आहे. बहुतेक वेळा खालच्या ट्रॅकची पाणी निघायची भोकं घाणीने किंवा रंगाऱ्याच्या पुट्टीने बुजलेली असतात, नाहीतर चौकटीभोवतीचं सिलिकॉन सुटलेलं असतं.

आणि तुमच्या मजल्यावर कुणी बाल्कनी बंद करून घेतली असेल तर ती आधी बघा. रेलिंगवर स्लायडिंग बसवलं की वाऱ्याचा सगळा भार रेलिंगच्या चार अँकरवर येतो. रेलिंगचं डिझाइन माणूस टेकेल एवढ्यासाठी असतं. कोपऱ्यावरची अशी बाल्कनी असेल तर मी ती काढायलाच सांगतो.

गच्चीचं गणित आणखी भयंकर आहे. गळती नको म्हणून सोसायट्या पत्र्याचा शेड टाकतात. १० मीटर बाय ६ मीटरचा शेड धरा. १५० मीटरवर डिझाइन दाब चौरस मीटरला १९० किलो, वर उचलणारा गुणक साधारण १. म्हणजे ६० चौरस मीटरवर ११ टनांहून जास्त उचल. पत्र्याचं स्वतःचं वजन ३०० किलोच्या आसपास. सहा खांब असतील तर प्रत्येकाला जवळजवळ दोन टन वर खेचतात. आता खांबाच्या बुडाशी बघा: बेसप्लेट, चार बोल्ट, आणि बोल्ट चायना मोझॅकमधून वीटबॅट कोब्यात गेलेले. स्लॅबपर्यंत पोचलेलेच नाहीत. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट. तो दोन टन खेच धरत नाही. असा शेड पावसाळ्यात टिकला म्हणून पक्का आहे असं समजू नका, त्याची खऱ्या वादळाशी गाठ अजून पडलेली नाही. वॉटरप्रूफिंग फोडून बोल्ट स्लॅबमध्ये न्यायला सोसायटी कचरते, कारण गळती सुरू होईल. मग काँक्रीटचे पेडेस्टल स्लॅबच्या सळईशी जोडून ओतायचे आणि त्याभोवती वॉटरप्रूफिंग वर चढवून घ्यायचं. खर्च वाढतो, नाहीतर शेड काढा. १३ मे २०२४ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ जण गेले, तेव्हा वादळ चक्रीवादळ नव्हतं, वळवाचं होतं. जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची परवानगी असताना ते १२० बाय १२० फुटांचं होतं, म्हणजे वाऱ्याला नऊपट अंग.

नव्याने बांधत असलेल्या किंवा घर बघत असलेल्यांसाठी दोन-तीन गोष्टी. संहितेत चक्रीवादळाचा खास गुणक आहे, पण तो पूर्व किनाऱ्याला आणि गुजरातच्या किनाऱ्याला ६० किलोमीटर पट्ट्यात लागू होतो. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही. राहत्या इमारतीला तसाही तो १ आहे, हॉस्पिटलला १.३०. दुसरी जागा दिशेच्या गुणकाची: वादळी प्रदेशात तो १ धरायचा, इतरत्र इमारतींना ०.९. मुंबईत ०.९ घेऊन दाबात दहा टक्के सूट मिळवली जाते. ती सूट सोडून दिली तर वेगातली सुमारे ५ टक्क्यांची वाढ आपोआप सामावते. माझं मत असं की समुद्रासमोरच्या टॉवरला आजपासूनच १ धरावं. हा निर्णय कागदावर असताना स्वस्त पडतो. इमारतीचे कोपरे रुंदीच्या दहाव्या भागाएवढे छाटले किंवा गोल केले की भोवरे विस्कळीत होतात आणि आडवं हलणं बरंच उतरतं. तैपेई १०१मध्ये कोपरे दुमडून पायथ्याचा मोमेंट २५ टक्क्यांनी कमी केला होता. मुंबईत कोपऱ्यात मास्टर बेडरूम विकायची असते, त्यामुळे ही सूचना पहिल्या मीटिंगमध्येच दिली नाही तर संपली.

बांधून झालेल्या इमारतीत हालचाल कमी करायचा व्यवहार्य मार्ग म्हणजे गच्चीवर पाण्याची टाकी, जिच्यातलं पाणी इमारतीच्या लयीत उलटं डुचमळतं. सव्वातीन सेकंदांसाठी ६ मीटर लांब टाकीत पाणी साधारण पावणेदोन मीटर खोल लागतं. पाणी इमारतीच्या हलणाऱ्या वस्तुमानाच्या साधारण १ टक्का असावं. रोजच्या वापराची टाकी यासाठी चालत नाही; पातळी बदलली की लय बदलते. स्वतंत्र टाकी, ठराविक पातळी, आणि तिच्या वजनासाठी स्लॅब तपासलेला. तुमच्या इमारतीला याची गरज आहे की नाही हे आधी मोजमाप सांगेल.

पुढच्या वेळी वादळाचा इशारा आला तर: गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाक्या भरून ठेवा, रिकामी हजार लिटरची टाकी सहज उडते. बाल्कनीतल्या कुंड्या आत. एसीच्या बाहेरच्या युनिटचा ब्रॅकेट गंजलेला असेल तर युनिट उतरवून घ्या, बांधून ठेवू नका. सगळ्या खिडक्या बंद आणि लॉक. दाब समान राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवावी असं कुणीतरी सांगेल, ऐकू नका. समुद्राकडची एक उघडी राहिली की घरात दाब भरतो आणि कोपऱ्यातल्या खिडकीवर ओढ आणखी वाढते. इमारत हलत असताना लिफ्ट वापरू नका, लांब दोर शाफ्टमध्ये झुलून अडकू शकतात. शेजारी बांधकामाची क्रेन असेल तर काम बंद झाल्यावर तिचा लांब हात वाऱ्यासोबत फिरायला मोकळा सोडलाय का, हे सोसायटीतर्फे साइटवर फोन करून विचारा. दोरीने बांधलेला असेल तर ती चूक आहे.

आणि पाणी आत येऊ लागलं तर पुसायच्या आधी फोटो काढा, पाणी नेमकं कुठून येतंय ते दिसेल असा. ट्रॅकमधून उसळून येत असेल तर खिडकीवाला लागेल. चौकट आणि भिंत यांच्या फटीतून झिरपत असेल तर खिडकीवाल्याला बोलावून उपयोग नाही, बाहेरून दोरीवर उतरणारा वॉटरप्रूफिंगवाला लागेल.